थाळीवाली

मोहाची फुलं पडायला लागली की टोल्यात, त्या लहानशा वस्तीत, कुणाला भांडायलाही सवड नसते. भांडणं सगळी पावसाळ्यावर ढकलायची. पहाटेचा अंधार जरा फिकटला की बायापोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि ऊन चटके देईपर्यंत कमरेत वाकून एकेक फूल वेचत राहतात. घरी यायचं ते पाठ हातानं धरूनच. मग अंगणात फुलं पसरायची, गाईढोरांपासून राखायची आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा वाकायचं.

यंदा त्यात वाघाची भर पडली. गोंडपिपरीच्या बाजूला वाघ काही नवा नाही, पण होळीच्या आधी नाल्यापलीकडच्या गावातली एक बाई त्यानं मोहाच्या झाडाखालूनच उचलली. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, तेव्हा वाकू नका, असं वनरक्षक सांगून गेला. मोह उभ्यानं कसा वेचायचा ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

शेवटी टोल्यानं आपला उपाय आपणच काढला. एकट्यानं कुणी जायचं नाही. बायांनी मिळून डोंगराकडच्या झाडांवर जायचं, पोरांनी मिळून शेताकडच्या जवळच्या झाडांवर, आणि सगळ्यांच्या पुढं एकानं थाळी बडवत चालायचं. पोरांची थाळी बुधरीच्या करिश्माकडे आली. बारा वर्षांची पोरगी, सातवीत, आवाज खणखणीत, पाय हरणाचे. ती पुढं थाळी बडवत निघाली की मागची दहा-बारा पोरं निमूट चालायची. "पोट्टी नाई, फॉरेस्टचा साहेब आहे," असं लच्छू पाटील भर सभेत म्हणाला होता. बुधरीला ते इतकं गोड लागलं की तिनं ते घरी येऊन नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

त्यात करिश्मा रोज भरभरून मोह आणत होती. शेताकडे बुधरीची दोनच झाडं. मागल्या वर्षी त्या झाडांखाली एक टोपली भरायची मारामार होती, यंदा पोरगी दोन-दोन टोपल्या आणून ओतत होती.

"पाह्य माय, आज बी दोन!"

"माजी वाघीन ती," बुधरी म्हणायची आणि पेजेच्या वाटीसोबत तिला एक उकडलेलं अंडं द्यायची. ते अंडं पवनच्या वाट्याचं असायचं. लहान भाऊ तोंड फुगवून बसायचा. बसू दे. जो कमवतो तो खातो, असं ती त्यालाच सुनवायची.

एक दिवस अंगणात फुलं पसरताना तिचा हात थांबला.

बुधरी झाडाखालचा पाचोळा जाळून टाकायची. वनरक्षक ओरडतो, पण झाडण्यापेक्षा जाळणं सोपं, आणि टोल्यात सगळेच जाळतात. त्या राखेवर पडलेल्या फुलाला काळं लागतंच, कितीही झटका. आजच्या दोन टोपल्यांपैकी एका टोपलीतली फुलं तशीच होती, डागाळलेली. दुसऱ्या टोपलीतली मात्र स्वच्छ पिवळी. एकाही फुलाला राखेचा कण नव्हता.

टोल्यात झाडाखाली आग न लावणारी एकच बाई होती, शकुबाई. आगीनं मुळं भाजतात म्हणायची. डोळ्यांना धड दिसत नव्हतं तरी हातानं चाचपून झाडाखाली झाडायची, शेणानं सारवायची. तिचं झाड बुधरीच्या झाडांना लागूनच होतं. मुलगा गुलाब आणि सून तेलंगणात मिरची तोडायला गेलेली, घरी म्हातारी आणि आठ वर्षांची नात मंगली. म्हातारीच्यानं वाकवत नव्हतं, म्हणून मंगली पोरांसोबत जायची आणि आजीच्या झाडाखाली एकटी वेचायची.

टोल्यात दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. झाडाखाली पसरून पडलं असलं, सडलं, डुकरांनी खाल्लं, तरी नाही. हे कुणाला शिकवावं लागत नाही.

बुधरीला सगळं तेव्हाच कळलं होतं. पण तिनं फुलं हातानं कालवली, डागाळलेली आणि स्वच्छ एकात एक मिसळली, आणि स्वतःला सांगितलं, वाऱ्यानं राख उडाली असेल. असे दोन दिवस तिनं वाऱ्यावर ढकलले. दोन्ही दिवस पोरीला अंडं दिलं.

तिसऱ्या दिवशी कळलं, मंगलीला माता आली. अंगभर लाल दाणे उठलेत, अंग तापलंय, पोरगी बोलत नाही. शकुबाईनं दाराला कडुनिंब बांधला होता. कुणी त्या घराकडे फिरकेना. पोरांच्या जथ्यातल्या पिंकीची आई विहिरीवर म्हणाली, "आता त्या मुकीले नेऊ नोका बाई जथ्यात. सगळ्या पोट्ट्याइले लागन."

मंगली मुकी नव्हती. हळू बोलायची, अडखळायची, एवढंच. मुकी हे नाव तिला टोल्यानं दिलं होतं. बुधरीसुद्धा तिला त्याच नावानं हाक मारत आली होती.

दुपारी बुधरी ताकाचा गडवा घेऊन तिकडे गेली. का गेली, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"कोन व्हय?" शकुबाईनं दारातून विचारलं.

"मी बुधरी. पोरगी कशी आहे?"

"तशीच. आंग फनफनून राह्यलं. पानी बी पाजू नोको म्हनते कोनी, कोनी म्हनते मीठ देऊ नोको. तू आत नोको येऊ, तुही लेकरं आहेत."

बुधरी आत गेली. मंगली चटईवर पालथी पडली होती. पाठ उघडी. बुधरीनं खाली वाकून पाहिलं. पुरळ मानेपासून कमरेपर्यंतच होता. हातांवर नाही, तोंडावर नाही, पायावर नाही. जिथं फ्रॉक अंगाला चिकटतो तिथंच. खांद्याखाली एका ठिकाणी लाल मुंगीचं तुटलेलं डोकं अजून कातडीत रुतून होतं.

ही कसली माता! बुधरी लहानपणापासून चटणीसाठी लाल मुंग्यांचे खोपे काढत आली होती. आंब्याच्या पानांचा शिवलेला खोपा फांदीवरून झटकताना त्या कशा चावतात, किती आग होते आणि दुसऱ्या दिवशी अंग कसं सुजतं, हे तिच्या दोन्ही हातांना ठाऊक होतं. पण असा खोपा आपणहून कुणाच्या पाठीत पडत नाही. तो तोडावा लागतो. फ्रॉकचा गळा ताणून आत उलटावा लागतो. आणि त्यासाठी पोरीला कुणीतरी धरून ठेवावं लागतं.

"मंगली, हे कोनं केलं?"

बुधरीनं नखानं ते मुंगीचं डोकं काढलं. मंगली कण्हलीसुद्धा नाही. ओरडायचं नाही हेही तिला कुणीतरी शिकवलं होतं.

"सांग ना बाई. मी काई नाई करत."

मंगलीनं मान वळवली. बुधरीकडे पाहिलं, आणि अडखळत, एकेक शब्द जोडत म्हणाली, "मोठीमाय, मी आता लवकर भरन. तिची आधी भरन. तिले सांगजो."

शकुबाई दारातून विचारत होती, "का म्हनते वं? बोलली का?"

बुधरीनं गडवा खाली ठेवला. "माता नाई आहे, शकुबाई," ती म्हणाली. "मुंग्या आहेत. लाल मुंग्या. मीठ-पानी सगळं दे तिले. अन् सिस्टरबाईले बोलाव, मी निरोप धाडते."

"मुंग्या? कुठी चावल्या?"

बुधरी तोवर उठली होती. ती तशीच बाहेर पडली.

घरी करिश्मा माचेवर बसून पाय हलवत होती. थाळी बाजूला. बुधरीनं चुलीजवळची बांबूची काठी उचलली आणि एकही शब्द न बोलता पोरीच्या पाठीत हाणली.

करिश्मा किंचाळली नाही. तिनं फक्त खांदा वर घेतला आणि मान आत ओढली, सवयीनं. पुढची काठी कुठं बसणार हे तिला नेमकं माहीत होतं. ते पाहून बुधरीचा वर गेलेला हात वरच राहिला.

"मंगलीच्या पाठीत खोपा कोनं टाकला?"

"पिंकीनं."

"धरलं कोनं?"

करिश्मा एकदम उसळली. "मंग! तिले आमी संगं नेतो ना? वाघापासून वाचवतो. फुकटात काऊन न्यावं? मी म्हनलो, आधी माजी टोपली भर, मंग तुजी. ते हळू वेचते. टोपली भरली नाई त आमी थाळी बंद करून पयतो. झुडपात लपतो. पिंकी वाघासारखी गुरगुरते. मंग ते भरते लवकर लवकर."

"अन् खोपा?"

"मंगली म्हने मी आजीले सांगतो."

बुधरीचा नवरा सुकलू नुकताच बांबूकटाईवरून आला होता. तो कुऱ्हाड टेकवून दारातच उभा राहिला.

"तुले लाज नाई वाटली?" बुधरी ओरडली. "आठ वर्साचं लेकरू! तिचे मायबाप इथी नाई!"

"तूच तं म्हनते!" करिश्माचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेलाच होता. "मुकीले का समजते, तूच म्हनते. कमी आनलं तं तू मारते. जास्त आनलं तं अंडं देते. कुठून आनलं ते तू कवा इचारलं?"

बुधरीनं काठी चुलीत घातली. अख्खी, ओली-सुकी न पाहता. धूर डोळ्यांत गेला तरी ती तिथून हलली नाही. तिला पोरीचा राग आला होता, पण त्याहून मोठा राग कुणाचा आला होता ते सांगायला नको. दोन दिवस राखेचा डाग पाहून न पाहिल्यासारखं करणारी बाई तीच होती. पोरगी जे म्हणत होती त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ह्या घरात हेच चालत आलं होतं. ज्याच्या हातात काठी त्याचं आधी भरायचं.

सुकलू हळू आवाजात म्हणाला, "वाढवू नोको आता. पाटलाले सांगतो, एक कोंबडा दंड देऊन टाकू. मोह वापस करू. झालं."

"कोंबडा कोन खाईन?"

"गाव खाईन. दंड आहे त गावच खाते ना."

"गावानं कोंबडा खाल्ला म्हनजे त्या पोट्टीच्या पाठीची आग उतरन?"

सुकलू कुऱ्हाडीचं पातं अंगठ्यानं चाचपत राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समाजमंदिरापुढं सभा बसली. बुधरीनं वाळलेल्या मोहाचं पोतं करिश्माच्या डोक्यावर दिलं आणि मुद्दाम विहिरीवरून, सगळ्यांच्या अंगणांपुढून तिला तिथवर चालवलं. पोरीची मान दुखत होती. दुखू दे, बुधरी मनात म्हणाली.

सभेचं काम झटपट उरकलं. असल्या कामात पुरुषांना भलती घाई असते. लच्छू पाटील म्हणाला, लेकरांचं काम आहे, लेकरांत सोडून द्यावं. मोह वापस, एक कोंबडा दंड, विषय संपला. वर हसून म्हणाला, "अन् त्या थाळीवालीले जास्त बोलू नोका बाप्पा. ते रुसली तं पोट्टे कोनासंगं जातीन? वाघ तिच्याच थाळीले भेते."

दोघं-तिघं हसले. पिंकीची आई म्हणाली, "माह्या पोट्टीचं नाव उगाच गोवलं. हिची पोट्टी सांगते तसंच ते करते."

शकुबाई एका बाजूला जमिनीवर बसली होती. काय चाललंय हे तिला आवाजावरूनच कळत होतं. मंगली तिच्या पाठीमागे, लुगड्याचा पदर मुठीत धरून. सभा जिच्यासाठी बसली होती तिच्याकडे अजून कुणी एकदाही पाहिलं नव्हतं.

"पाटील," बुधरी उभी राहिली. "कोंबडा मी देतो. पन त्याच्या आधी का झालं ते सगळ्याइनं आयकावं. सांग करिश्मा."

"आता काऊन?" सुकलू पुटपुटला.

"सांग. मले सांगतलं तसंच."

करिश्मानं सांगितलं. आधी जमिनीकडे पाहत, मग अडत अडत, मग रडत. टोपली आधी कुणाची भरायची ते सांगितलं. थाळी बंद करून कसं पळायचं, गुरगुरायचं कसं, ते सांगितलं. एकदा मंगली झाडाखाली एकटी राहिली आणि तिनं तिथंच भिऊन फ्रॉक ओला केला, आणि सगळे हसले, तेही सांगितलं. खोप्याचं सांगताना तिला हुंदका आवरेना. वाघानं नेलेल्या बाईचं नाव टोल्यात अजून कुणी मोठ्यानं घेत नव्हतं, आणि इथं लेकरांनी त्याच वाघाचा खेळ केला होता. पिंकीच्या आईनं पिंकीचं बखोट धरून तिला जवळ ओढलं.

शकुबाईनं एवढंच विचारलं, "मी तिले कडुनिंबाच्या पान्यानं आंगोळ घालून राह्यली होती. माता म्हनून. मले काऊन नाई सांगतलं वं पोरी?"

मंगलीनं पदर तोंडात घातला.

"उद्यापासून थाळी माह्या हाती," बुधरी म्हणाली. "पोरांसंगं मी जाईन. सगळ्यात लहान लेकरू माह्या बाजूले चालन. अन् पाटील, हे लेकरांचं काम नाई. हे आपलंच काम आहे, लेकरं फक्त शिकले."

"अन् डोंगराकडचे तुहे तीन झाडं?" पाटलानं विचारलं.

"डुकरं खातीन."

सुकलूनं कपाळाला हात लावला. ती तीन झाडं म्हणजे त्यांचा अर्धा उन्हाळा होता. रात्री तो जेवला नाही. कोंबडा मात्र गावानं खाल्ला, आणि चवीनं खाल्ला.

मंगलीचा ताप उतरायला तीन दिवस लागले. सिस्टरबाईनं गोळ्या दिल्या, मलम दिलं आणि बुधरीला बाजूला घेऊन बजावलं, की पोरीला काही दिवस एकटं सोडू नका. चौथ्या पहाटे शकुबाई नातीला हाताला धरून रस्त्यावर घेऊन आली. बुधरी थाळी बडवत पुढं निघाली. मंगली तिच्या बाजूला, पण दोन हात अंतर राखून. करिश्माला तिनं सगळ्यांच्या शेवटी चालायला लावलं होतं. थाळी नसलेली करिश्मा आज बाकीच्या पोरांएवढीच दिसत होती.

शकुबाईच्या झाडाखाली चार दिवसांची फुलं पडून सडली होती, त्यावर आजचा ताजा सडा. बुधरीनं बरोबर स्वतःची टोपली आणली होती, म्हातारीचा तेवढाच भार हलका करावा म्हणून. तिनं ती खाली ठेवली आणि कमरेला पदर खोचून आधी सडलेली फुलं खराट्यानं बाजूला सारू लागली.

वळून पाहिलं तर मंगली उकिडवी बसून भराभर वेचत होती. दोन्ही हातांनी, वर न पाहता, श्वास धरून. तिची स्वतःची टोपली रिकामी पडली होती. ती बुधरीची टोपली भरत होती.

"अव नोको!" बुधरी ओरडली. संतापानंच ओरडली, आणि तो संताप मंगलीवरचा नव्हता, पण मंगलीला ते कसं कळणार? पोरीचे हात दुप्पट वेगानं चालायला लागले. फुलं चिरडली जात होती. ओठ हलत होते. लवकर भरतो, लवकर भरतो.

आपल्या झाडाखाली करिश्मा वाकलेली होती, ती सरळ झाली. तिनं ते पाहिलं. तिच्या हातातली फुलं खाली पडली.

बुधरीच्या छातीत इतका राग दाटला होता की हे झाड उपटून काढावंसं वाटलं. पण ओरडून चालणार नव्हतं. काठीनं नाही, थाळीनं नाही, आवाजानंही नाही. ह्या लेकरापुढं आता आपला राग काहीच कामाचा नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि तो गिळायला तिला फार वेळ लागला.

मग ती हळूच खाली बसली. टोपलीतली फुलं मंगलीच्या टोपलीत ओतली. आपली रिकामी टोपली उपडी केली आणि तिच्यावर बूड टेकून बसली.

"आता कशात टाकशीन?" तिनं अगदी हळू विचारलं.

मंगली ओंजळभर फुलं घेऊन तशीच बसून राहिली. तिनं उपड्या टोपलीकडे पाहिलं, बुधरीकडे पाहिलं, मग पलीकडे उभ्या करिश्माकडे पाहिलं. करिश्मानं मान खाली घातली. ऊन झाडाच्या बुंध्याशी आलं तरी पोरीची ओंजळ तशीच होती. बुधरी हलली नाही. तिच्या स्वतःच्या झाडांखाली मोह पडत होता, तिकडे डोंगरावर पडत होता, आणि ती टोपलीवर बसून होती.

बऱ्याच वेळानं मंगलीनं एक फूल आपल्या टोपलीत टाकलं. टाकलं, आणि मारासाठी खांदा वर घेऊन वाट पाहू लागली.

"दुसरं टाक," बुधरी म्हणाली.